बोटाची मोजणी

आमच्या नांदे गावात दोन गोष्टींवर कुणाचाही विश्वास नाही, शेजाऱ्याने घातलेला बांध आणि मोजणीवाल्याने काढलेला नकाशा. हा अविश्वास जुनाच आहे, पण त्याला धार आली ती जमिनीला भाव आल्यावर. सूस-म्हाळुंगेच्या पलीकडे, लवळ्याच्या अलीकडे, चांद्याला खेटून असलेलं हे मुळशी तालुक्यातलं गाव. एके काळी पुण्याच्या माणसाला नांदे कुठे आलं ते सांगता सांगता चहा गार व्हायचा. आता त्याचाच मुलगा इथे बाराव्या मजल्यावर राहतो आणि बाल्कनीतून भाताच्या खाचरांचे फोटो काढून मित्रांना पाठवतो. खाचराचा मालक खालून वर बघतो आणि मनातल्या मनात त्या इमारतीखालची जमीन गुंठ्यात मोजतो.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट, आणि त्याचे आणे सोळा. इथल्या माणसाला स्वतःचा वाढदिवस आठवणार नाही, पण वाटणीत आपल्या बापाला किती आणे कमी आले ते तोंडपाठ असतं. साखळी गेली, प्लेन टेबल गेलं, आता मोजणीला रोव्हर येतो आणि थेट उपग्रहाशी बोलतो. तरी बांधावर उभे असलेले आण्णा शांतपणे विचारणारच, "ते आकाशातलं राहू द्या साहेब. खूण कुठली धरली?" म्हणजे मोजायला सुरुवात कुठल्या दगडापासून केली, तो दगड कुणी रोवला, आणि रोवला तेव्हा आमचे आजोबा हजर होते का. टॉवरमधली मंडळीही आण्णांपेक्षा वेगळी नाहीत. फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या दिवशी गणेशपूजन आणि दुसऱ्या दिवशी टेप. कार्पेट एरियात तीन चौरस फूट कमी भरले की सोसायटीच्या ग्रुपवर रेराचा कायदा कलमांसकट येऊन पडतो.

अशा या संशयी गावात २०२० साली बोटाला लावायचा एक चिमटा आला, आणि झाडून सगळ्यांनी त्याच्यापुढे निमूटपणे बोट केलं. खूण कुठली धरली, हे एकानेही विचारलं नाही.

महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० ला. तोवर हा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, हे ऑपरेशन थिएटरात आणि आयसीयूत राहणारं यंत्र होतं. सामान्य माणूस त्याला भेटायचा तो बेशुद्धीत. पुढे १५ सप्टेंबरपासून राज्य सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली आणि आशाताई दारोदार फिरू लागल्या. एका हातात तापमान बघायची बंदूक, दुसऱ्या हातात चिमटा, काखेत रजिस्टर. ताप असेल किंवा ऑक्सिजन पंचाण्णवच्या खाली असेल तर पुढच्या तपासणीला पाठवायचं, असा नियम.

सप्टेंबर म्हणजे भात पोटरीला येण्याचे दिवस. घरात जी सापडायची ती एक तर अंथरुणाला खिळलेली माणसं, नाहीतर नुकतीच खाचरातून वर आलेली. अशीच एक आजी पायरीवर बसली होती. सकाळपासून गुडघाभर पाण्यात बेणणी केलेली, नखांत चिखल, बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. आशाताईंनी चिमटा लावला. यंत्र बराच वेळ विचारात पडलं, दोन रेघा दाखवल्या, आणि मग म्हणालं ८९. सुनेच्या हातातली कपबशी वाजली. ओट्यावरचे तीन पुरुष एकदम उठून सहा फूट लांब गेले. आशाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पदरानेच आजीचं बोट पुसलं आणि म्हणाल्या, "आजी, हात चोळा बरं. जोरात. भाकरी थापताना चोळता तसे." आजीने हात चोळले. ९३. आणखी चोळले. ९६. मधल्या बोटाला लावला, ९८.

आजी म्हणाली, "म्हंजी मगाशी मी चालले होते, आन् आता ऱ्हायले व्हय?"

त्या दिवशी त्या ओट्यावर मोजमापाचं शास्त्र कळलेली एकच व्यक्ती होती आणि ती महिन्याला तुटपुंज्या मानधनावर काम करत होती. थंड बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात. नाडीचा ठोका टोकापर्यंत धड पोचत नाही, आणि यंत्राचं तर सगळं पोट त्या ठोक्यावर चालतं. ठोका सापडला नाही की ते गप्प बसायला हवं. पण गप्प बसणारं यंत्र कुणी विकत घेत नाही. म्हणून ते काहीतरी बोलतं.

ठोक्याची ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जपानमध्ये निहोन कोहदेन नावाच्या कंपनीत ताकुओ आओयागी नावाचा एक इंजिनियर होता. त्याला ऑक्सिजन मोजायचाच नव्हता. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे त्याला बघायचं होतं, तेही धमनीतून रक्त न काढता. रक्तात रंग सोडायचा, कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार टाकायचा आणि रंग कसा फिका होत जातो ते पाहायचं, अशी योजना. पण प्रत्येक ठोक्याबरोबर पाळीत रक्त उसळायचं आणि कागदावरची सुरेख रेघ थरथरायची. ही थरथर मारायला त्याने दुसऱ्या, इन्फ्रारेड प्रकाशाची मदत घेतली. थरथर गेली. मात्र रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती परत यायची. दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. आओयागीच्या लक्षात आलं की जी कटकट ऑक्सिजनप्रमाणे बदलते, ती कटकट म्हणजेच ऑक्सिजनचं माप. हे १९७२ चं. १९७४ च्या मार्चमध्ये पेटंटसाठी अर्ज गेला, आणि महिन्याभराच्या आत मिनोल्टा या कॅमेरा करणाऱ्या कंपनीनेही जवळपास तसाच अर्ज केला. बांधाला बांध लागून असण्याची ही तऱ्हा आम्हाला नवी नाही.

हा आओयागी वारला १८ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी. म्हणजे नेमकं जगभरच्या लोकांनी औषधाच्या दुकानापुढे रांगा लावून "तो चिमटा आहे का हो?" असं विचारायला सुरुवात केली होती तेव्हा. त्या रांगांत त्याचं नाव माहीत असलेलं कुणी असण्याची शक्यता फार कमी.

तर चिमट्यात दोन दिवे असतात. एक तांबडा, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन घेतलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं रक्त तांबडा जास्त शोषतं. ठोक्याबरोबर दोन्ही प्रकाश किती किती हलले त्यांचं गुणोत्तर काढायचं आणि पोटातल्या तक्त्यात बघून आकडा सांगायचा. ऑक्सिजन असा कुठे मोजलाच जात नाही. त्या गुणोत्तराला शेजारी एक टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचून दाखवली जाते. दोन्ही प्रकाश सारखेच हलले तर तक्ता ८५ च्या जवळपास बोट ठेवतो. म्हणून हात थरथरला, चिमटा सैल बसला, दिव्याला काय चाललंय ते कळेनासं झालं की पुष्कळ यंत्रं ८५ च्या घरात घुटमळू लागतात. ८५ हा बरेचदा रुग्णाचा आकडा नसतो, यंत्राच्या गोंधळाचा असतो. पण घरचे तो ऐकून रिक्षा बोलावतात.

मग तो तक्ता कुणी केला? आण्णांचा प्रश्न इथे विचारायला हवा होता. कारखाना यंत्र बाजारात आणण्याआधी काही निरोगी, बहुतेक तरुण, स्वयंसेवक प्रयोगशाळेत झोपवतो. त्यांच्या मास्कमधल्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू कमी करत नेतात. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून रक्त घेतात, ते को-ऑक्सिमीटर नावाच्या मोठ्या यंत्रात तपासतात आणि बोटावरच्या चिमट्याला सांगतात, हे गुणोत्तर म्हणजे ९५, हे म्हणजे ८८, हे म्हणजे ७६. सत्तरच्या खाली कुणाला नेत नाहीत, कारण स्वयंसेवकालाही घरी परत जायचं असतं. त्यामुळे सत्तरखालचा सगळा तक्ता हा रेघ पुढे वाढवून केलेला अंदाज. हीच ती खूण. धट्टीकट्टी तरुण पोरं, ऊबदार हात, स्थिर बोट, नखं साफ. पुढे त्याच तक्त्यावर मोजायची ती पायरीवरची आजी.

खोक्यावर '± २%' असं छापलेलं असतं. सोसायटीतल्या लोकांनी ते वाचलं होतं, कारण सोसायटीतले लोक सगळं वाचतात. त्यांचा समज असा की यंत्र फार तर दोनने चुकेल. पण अर्थ तो नाही. शंभरदा मोजलं तर साधारण दोन-तृतीयांश वेळा आकडा खऱ्याच्या दोनच्या आत पडेल, पंचाण्णव वेळा चारच्या आत, आणि उरलेल्या वेळी त्याची मर्जी. म्हणजे ९४ दिसले तर खरे ९० असू शकतात आणि ९८ ही असू शकतात. नव्वदवाल्याला खाट लागते, अठ्ठ्याण्णववाल्याला भांडी घासायला सांगता येतं. घरोघरी ९४ वाले अर्थातच स्वतःला नव्वदमध्ये धरत.

इथे एक सांगायला हवं, कारण चिमट्याची थट्टा करणं फार सोपं आहे. करोनात असे पुष्कळ रुग्ण होते की ज्यांचा ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेलेला असताना ते खुर्चीत बसून मोबाइल बघत होते, जेवण अळणी झालंय म्हणून तक्रार करत होते. दम लागल्याचं त्यांना जाणवतच नव्हतं. डॉक्टर त्याला 'हॅपी हायपोक्सिया' म्हणायचे. अशांना फक्त चिमट्याने पकडलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुण्यात खाट मिळवायला लोक रात्र रात्र फोन करत होते, तेव्हा ८७ हा आकडा सांगता येणं आणि न सांगता येणं यात माणसाचा जीव होता. चुकणारं यंत्र होतं, पण ते होतं. जास्त चुकायचो ते आपण, वाचताना.

आणि वाचताना आपण काय काय केलं! चिमट्याच्या पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. सासरेबुवांच्या बोटावरचा '७२' बघून सूनबाईंनी हंबरडा फोडला, तो नाडीचा होता, आणि चांगला होता. हा प्रकार एका घरचा नाही. दुसरा प्रकार त्याहून बेरकी. पडद्यावरचे आकडे इंग्रजी. चिमटा ज्याच्या बोटाला आहे तो एका बाजूने बघतो आणि समोर उभा असलेला दुसऱ्या बाजूने. इंग्रजी नऊ उलटा केला की सहा, आठ उलटा केला तरी आठ. त्यामुळे रुग्णाला दिसतात अठ्ठ्याण्णव आणि समोरच्याला शहाऐंशी. एकाच बोटावर, एकाच क्षणी, दोन निदानं. नवरा-बायकोचं एरवीही कशावर एकमत नसतं, पण या वेळी दोघंही बरोबर वाचत होते. फक्त ९६ वाले सुखी. तो आकडा कुठूनही वाचा, ९६ च.

घरात एक चिमटा आला की खात्री करायला दुसरा येई. शेजाऱ्यांचा आणलेला, मेव्हण्याने मुंबईहून पाठवलेला, एक ऑनलाइन मागवलेला. टेबलावर तीन चिमटे मांडून एकाच माणसाच्या तीन बोटांना लावले जात. एक म्हणे ९७, एक ९४, एक ९९. मग बैठक बसे. सरासरी काढावी, असं इंजिनियर मुलाचं मत. सर्वांत महाग यंत्राचं खरं धरावं, हे ते विकत आणणाऱ्याचं मत. शेवटी निकाल ठरलेलाच, ज्याचा आकडा चांगला ते यंत्र चांगलं. ९४ दाखवणारा "सेलमध्ये दम नसेल" म्हणून परत खोक्यात जाई, आणि ९९ वाला देव्हाऱ्याशेजारी विराजमान होई. मोजणीच्या नकाशात आपल्याला दोन आणे जास्त आले की तो नकाशा आपोआप अचूक होतो, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळात हजाराची वस्तू दोन-अडीच हजारांना जात होती. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरचा नफा ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला तेव्हा दुसरी लाट ओसरली होती. मधल्या काळात बाजारात पेन आला, पेन्सिल आली. म्हणजे बोटाऐवजी पेन्सिल घातली तरी छान ९८ दाखवणारे चिमटे, असे व्हिडिओ गावभर फिरले. गावातल्या एका तात्यांनी लगेच आपल्या चिमट्यात विडीचं बंडल धरून पाहिलं. काहीच दिसलं नाही, तेव्हा त्यांचा चिमट्यावर विश्वास बसला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट टेकवा, ऑक्सिजन सांगतो, अशी ॲपही निघाली होती. ती बोटाचा ठसा आणि बाकीची माहिती चोरू शकतात, असा इशारा गृहखात्याच्या 'सायबर दोस्त'ने दिला. तोवर अर्ध्या गावाने ती टाकून, मोजून, समाधानाने काढूनही टाकली होती.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनला चिमटा आणि बंदूक देण्यात आली. रजिस्टरमध्ये तापमान आणि ऑक्सिजन असे दोन रकाने. आता फॅरनहाइटमध्ये निरोगी माणसाचं तापमान सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव आणि निरोगी माणसाचा ऑक्सिजनही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. रकाने अदलाबदल झाले तरी कुणाला पत्ता लागत नसे. दूधवाला ९७, ९७. कचरा नेणाऱ्या मावशी ९७, ९७. सचिव स्वतः आले की ९९, कारण ते सचिव. पुढे पुढे वॉचमन दुरूनच माणूस ओळखून आकडे भरायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा अंदाज चिमट्यापेक्षा फार वाईट नसावा. धापा टाकत येणाऱ्याला तो थांबवायचा. बाकीच्यांना ९७.

सर्वांत जास्त करमणूक झाली ती सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत. सरकारने सांगितलं होतं की आधी मोजा, मग घरातल्या घरात सहा मिनिटं चाला, पुन्हा मोजा. आकडा ९३ च्या खाली आला किंवा तीन टक्क्यांपेक्षा जास्त घसरला तर दवाखाना गाठा. साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरे. आमच्या मजल्यावरचे एक काका दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चालू लागले. दारापासून बाल्कनीपर्यंत अकरा पावलं, वळायचं, पुन्हा अकरा. काकू ओट्यापाशी मोबाइलचा टायमर लावून उभ्या. तिसऱ्या मिनिटाला काकू म्हणाल्या, "अहो, झालं, तुम्ही साठीपुढचे." काका म्हणाले, "मी एकोणसाठ." कागदोपत्री ते एकोणसाठच होते, शाळेत घालताना वडिलांनी वय कमी लिहिलं होतं. यावर वाद झाला, वाद चालता चालता झाला, आवाज चढले, आणि सहा मिनिटांनंतर काकांचा ऑक्सिजन होता ९७, नाडी १२८. काकूंची न चालताच ११०.

आता बघा, तीन टक्क्यांची घसरण मोजायची, आणि यंत्र स्वतः दोन-तीन टक्के इकडे तिकडे होणारं. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण ही चाचणी सुचवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं. यंत्र तेच, बोट तेच, माणूस तोच असेल तर चूकही बरीचशी तीच राहते. काकांचा चिमटा दोन जास्त दाखवत असेल तर चालण्याआधीही दोन जास्त आणि नंतरही दोन जास्त. वजाबाकीत ती चूक बरीचशी गळून पडते. एकदा दिसलेला आकडा फार काही सांगत नाही, कालपासून तो कुठे चाललाय ते बरंच सांगतं. म्हणून डॉक्टर म्हणायचे, एकच यंत्र, एकच बोट, ठरलेल्या वेळा, वहीत लिहा. लोकांनी मात्र वहीत सकाळी आपला, दुपारी शेजाऱ्याचा आणि रात्री मेव्हण्याचा चिमटा लिहिला, आणि आलेख चढउतार दाखवतोय म्हणून झोप घालवली.

केंद्राच्या आरोग्य खात्याने चिमटा कसा लावायचा याची सोपी कृती दिली होती. नेलपॉलिश काढा, हात ऊबदार करा, पाच मिनिटं स्वस्थ बसा, हात छातीवर ठेवा, पहिलं किंवा मधलं बोट, हलू नका, मिनिटभर तरी ठेवा, पाच सेकंद स्थिर राहिलेला सर्वांत मोठा आकडा लिहा. यातलं पाच मिनिटं स्वस्थ बसणं आपल्याकडे कुणालाच जमलं नाही. नेलपॉलिशचं तर विचारू नका. गडद निळी-काळी नेलपॉलिश आणि काळी मेंदी चिमट्याच्या प्रकाशाला आडवी येऊ शकते. लाटेतही लग्नं थांबली नव्हती, वऱ्हाड मोजकं होतं एवढंच, आणि नवरीच्या कोपरापर्यंतच्या मेंदीत चिमट्याला मोकळं बोट सापडत नव्हतं. कुणीतरी अंगठा सुचवला. कुणी कानाची पाळी सुचवली. बोटाच्या चिमट्याला पाळीवरचा आकडा झेपत नाही, हे त्या पाळीतल्या झुमक्याने सिद्ध केलं.

एक ठिकाण मात्र असं आहे की तिथे चिमटा उलट्या दिशेने फसवतो, आणि तिथे थट्टा संपते. बंद बाथरूममधला गॅस गिझर, किंवा बंद खोलीत रात्रभर पेटती ठेवलेली शेगडी. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला असा चिकटतो की चिमट्याला तो आणि ऑक्सिजन वेगळा दिसतच नाही. माणूस बेशुद्ध पडलेला आणि पडदा सांगतोय ९८. अशा वेळी दार-खिडक्या उघडून माणसाला बाहेर हवेत आणायचं, पडदा बघत बसायचं नाही. खरा आकडा कळतो तो धमनीतलं रक्त को-ऑक्सिमीटरमध्ये तपासल्यावर.

पडदा बघत बसायची सवय आयसीयूने लावली. भेटीच्या वेळेत आत सोडलेला नातेवाईक खाटेवरच्या माणसाकडे बघत नाही, त्याच्या डोक्यावरच्या टीव्हीकडे बघतो. "ब्याण्णव आहे. मगाशी त्र्याण्णव होता. सिस्टर!" सिस्टर येते, बोटावरून सरकलेला चिमटा नीट बसवते आणि जाते. रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला पाणी हवं असतं. आता हे आयसीयू मनगटावर आलं आहे. हिंजवडीला नोकरी करणारी आमच्या टॉवरमधली मुलं घड्याळातला ऑक्सिजन बघत उठतात. घड्याळ मनगटाच्या पाठीवरून परत आलेल्या प्रकाशावर चालतं, त्याच्या पुस्तिकेत हे वैद्यकीय वापरासाठी नाही असं लिहिलेलंही असतं, पण पहाटे तीनला '८८' दिसल्यावर पुस्तिका कोण काढणार. हात उशीखाली दबला होता, एवढं निदान व्हायला सकाळचे दहा वाजतात आणि तोवर हृदयरोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घेऊन झालेली असते.

खूण कुठली धरली हा प्रश्न शेवटी विचारला तो अमेरिकेतल्या डॉक्टरांनी. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं की चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त तपासलं, तर गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला, आणि काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के तपासण्यांत. त्वचेतलं मेलॅनिन प्रकाशात वाटा मागतं आणि तक्ता फसतो, तोही दिलासा देणाऱ्या बाजूला. यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेतल्या एफडीएच्या आधीच्या नियमात दहा स्वयंसेवक पुरत, त्यात गडद त्वचेचे निदान दोन. म्हणजे निम्म्या जगाची हद्द दोन दगडांवर कायम केलेली. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने नव्या नियमांचा मसुदा काढला. दीडशे किंवा जास्त माणसं घ्या, आणि प्रत्येकाची त्वचा मंक यांच्या दहा छटांच्या पट्टीवर लावून नोंदवा. मंक हे हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ.

ती पट्टी मी गावातल्या आत्यांना मोबाइलवर दाखवली. आत्यांनी गावातली निम्मी लग्नं जमवली आहेत, त्यामुळे त्वचेच्या मोजमापात त्यांचा अधिकार मोठा. दहा चौकोन त्यांनी चष्मा पुसून पाहिले. "यात गहूवर्णी कुठला?" त्यात नावं नाहीत, नुसते नंबर आहेत, असं म्हटल्यावर त्या जरा नाराज झाल्या. निमगोरा नाही, उजळ नाही, सावळा पण नाकीडोळी नीटस नाही, मग अमेरिकेत स्थळं कशी सांगतात, असा त्यांचा प्रश्न. मग त्यांनी तिन्ही सुनांना बोलावून ओळीने बसवलं. थोरली पाचव्यावर बसली. मधली चौथ्यावर. धाकटीने हात पुढे केलाच नाही, म्हणाली, मोबाइलचा ब्राइटनेस कमी आहे. शेवटी आत्यांनी स्वतःचा हात पट्टीशेजारी धरला. सातव्यावर थांबल्या. मग दाराशी उजेडाला गेल्या, मनगट वळवून आतली बाजू वर केली आणि सहावा पक्का केला.